स्टेशनवरची बाई काय म्हणाली

एक सिनेमा बघून मी नोकरी सोडली. खरं तर हजर व्हायच्या आधीच सोडली. हे सांगितलं की लोक हसतात. गेल्या वर्षापर्यंत मीही त्यांच्याबरोबर हसत होते.

आम्ही मूळचे परभणीकडचे. लग्न झाल्यावर आकुर्डीत दोन खोल्यांत संसार मांडला. हे चाकणला कंपनीत. इकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची आणि शाळांची रविवारची. म्हणजे बाप घरी तेव्हा पोरं शाळेत, पोरं घरी तेव्हा बाप शिफ्टला. नवराबायको एकमेकांच्या वाट्याला निवांत यायची ती गुरुवारी दुपारीच. त्या वेळात कुणी भांडून घ्यायचं, कुणी झोप काढायची. आम्ही इंग्रजी सिनेमे बघायचो, तेही जुने, काळेपांढरे.

ते आले कुठून, तर कंपनीत मशीन बसवायला एक म्हातारा अमेरिकन इंजिनिअर आला होता. त्याच्या दिमतीला ह्यांना दिलं, कारण डिपार्टमेंटात त्यातल्या त्यात बरं इंग्रजी ह्यांचंच. जाताना त्या भल्या माणसाने स्वतः भरून आणलेल्या सीड्यांचा अख्खा डबा ह्यांना देऊन टाकला. सिनेमाच्या खाली अक्षरं-बिक्षरं काही उमटायची नाहीत. माझं डी.एड. मराठीतून झालेलं. वाचलेलं इंग्रजी मला समजायचं, ऐकलेलं नाही, आणि ती माणसं तर तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखी बोलायची. मग मी विचारायचे, "काय म्हणायली ती?" आणि हे सांगायचे.

खोटं कशाला बोलू, मला ते सिनेमे बेफाम आवडायचे. घोड्यांवरच्या मारामाऱ्यांचे, खुनाच्या तपासाचे, नुसतेच नाचगाण्यांचे. एक उंच, मान खाली घालून बोलणारा नट होता, पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा अवघडलेला. तो पडद्यावर आला की मी हातातली भाजी बाजूला ठेवायचे. एक नटी होती, पुरुषी कोट घालायची आणि कुठल्याही खोलीत अशी शिरायची की जणू घर तिच्या बापाचं आहे. तिचं चालणं मी स्वयंपाकघरात करून बघितलेलं आहे. भुताच्या सिनेमात ह्यांना विशेष रंग चढायचा. त्या पडक्या किल्ल्यातलं भूत अस्सल परभणीच्या बोलीत बोलायचं, "कोण हाय रे तिकडं? काय करायलास?" मी हसून हसून लोळायचे. नवऱ्याने बायकोला असं हसवणं आमच्या जिन्यावर दुसऱ्या कुणाच्या घरी ऐकू येत नव्हतं, आणि मला त्याचा तोरा होता.

धाकटा बालवाडीत होता तेव्हा माझी ऑर्डर आली. जिल्हा परिषदेची शाळा, परभणीजवळचं गाव, माहेराहून अर्ध्या तासाच्या अंतरावर. किती वर्षं वाट बघितली होती मी. धाकट्याला घेऊन मी आईकडे राहायचं, थोरली इथल्याच शाळेत, ह्यांनी दर बुधवारी रात्रीची गाडी पकडून यायचं, पुढे बदलीचं बघता येईल, असं मी मनात सगळं बसवून टाकलं होतं. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तुझं तू ठरव."

किती मोठ्या मनाचा नवरा, असं मी तेव्हा मैत्रिणीला सांगितलं. आज वाटतं, अडवलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. मी भांडून, बॅग उचलून गेले असते. ह्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

त्या गुरुवारी ह्यांनी डब्यातून एक सीडी काढली. आधी कधी लावलेली नव्हती. सिनेमातली बाई, म्हणजे माझी ती कोटवाली नटीच, लग्नाआधी नर्स होती. नवऱ्याचं छोट्या गावात दुकान, दोन मुलं. शहरातल्या हॉस्पिटलातून तिला बोलावणं येतं. शेवटी दोघं स्टेशनच्या बाकावर बसतात. ती बोलते, खूप वेळ बोलते, तो रडतो, तीही रडते, त्याच्या गालाला हात लावते. गाडी येताना ऐकू येते, पण दिसत नाही. दोघं बाकावरच असतात आणि सिनेमा संपतो.

माझा जीव कानात गोळा झालेला. "काय म्हणायली ती?"

हे पडद्याकडे बघत म्हणाले, "म्हणायली, मला घरी न्या. पोरं आईवाचून झुरतील. माझं चुकलं म्हणायली."

ज्या नटीने मला आजवर इतकं हसवलं, रडवलं, तिलाच जर जमलं नाही, तर मी कोण लागून गेले? असा विचार मी खरोखर केला. आज तो बावळट वाटतो, पण तेव्हा धाकटा रात्री माझा पदर मुठीत धरून झोपायचा आणि मला कुणीतरी शहाण्या बाईने सांगायला हवं होतं. तिने सांगितलं. मी हजर झाले नाही.  त्या आठवड्यात ह्यांनी मला नवा मिक्सर आणला.

पुढे मी घरी शिकवण्या घेतल्या. कुरुळीच्या, चिखलीच्या कारखान्यांतल्या कामगारांची पोरं यायची, चांगली शिकली. पण वर्ग आपला असणं, फळ्यावर आपल्या हातची तारीख असणं, ते वेगळं. ते नाही मिळालं. त्याचं वाईट वाटलं की मी त्या स्टेशनवरच्या बाईची आठवण काढायचे. आपल्यासारखीच एक, एवढाच आधार.

आता हे रिटायर झालेत, म्हणजे आमच्याकडे रोजच गुरुवार. गेल्या वर्षी लेकीने मोठा टीव्ही घेऊन दिला, जुने सिनेमे शोधून दिले आणि खाली अक्षरं आणायचं बटण दाखवलं. "आई, आता बाबांना त्रास नको देऊस, तूच वाच," म्हणाली. दुपारी हे आडवे झाले की मी वाचू लागले.

पहिला लावला तो घोड्यांचा. त्यात एक विधवा कुरण सांभाळते आणि शेवटी नायकाशी बोलते. ह्यांच्या सांगण्यात ती म्हणायची, बाईला आधार लागतोच. खाली अक्षरं आली, "कुंपण मी घातलंय. फाटक उघडंच आहे, निघा." मला वाटलं ह्यांची गफलत झाली असेल. मग खुनाचा बघितला. ह्यांच्या मते बाईने पैशाच्या लोभाने नवरा मारला होता. प्रत्यक्षात तो तिचा गळा दाबत होता. मग हॉटेल चालवणाऱ्या बाईचा, मग पुरुषी कोटवालीचा एक. ओळीने चार दिवस मी चुकीच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी बसून होते. विनोद तेवढे ह्यांचेच बरे होते, हेही कबूल करते. भूत तर इंग्रजीत अगदीच मिळमिळीत निघालं.

शेवटी तो स्टेशनचा लावला. बटण दोनदा चुकलं. ती बाकावर बसली, बोलू लागली, आणि मी वाचलं:

"गाडी आली की तुम्ही उठू नका. मी एकटी चढेन. मुलांना सांगा, आई चोरून नाही गेली, सांगून गेली."

मी ते मागे नेऊन पुन्हा वाचलं. मग टीव्ही बंद केला आणि मोरीत जाऊन रडले. बाईने मला नीट, स्पष्ट सांगितलं होतं. मला तिथल्या तिथे ऐकू आलं नव्हतं एवढंच.

संध्याकाळच्या चहाला मी ह्यांना एकेक सिनेमा विचारला. कुरणवाली, खुनी, हॉटेलवाली. आधी हे बावरले, मग हसायलाच लागले. "अगं, मला तरी कुठं सगळं कळायचं? तो इंजिनिअर बोलायचा ते निम्मं हातवाऱ्यावरनं समजायचो मी. सिनेमाचं तर सगळं अंदाजानं सांगायलो होतो. तू एवढी डोळे मोठे करून बघायचीस, नाही कसं म्हणायचं?"

मला हसू आलं आणि हसू आल्याचाच संताप आला. "अंदाज होता ना?" मी म्हणाले. "मग एकदा तरी बाईच्या बाजूनं चुकायचा होता."

 आता ह्यांचे केस पांढरे, गुडघे दुखतात, मिक्सरही दोनदा बदलून झालेला. अंदाज तर अंदाज, असं मनाशी म्हणून मी कप उचलणारच होते. माणूस अडाणी होता, लबाड नव्हता, एवढं मानलं तरी उरलेले दिवस निघतात. पण मला राहवेना.

"आणि तो स्टेशनचा?"

ह्यांनी बशी खाली ठेवली. 

"तो कळला होता," म्हणाले. "लय सावकाश बोलायली होती ती."