दादाचे हात मोजू नका

विमान रिकामं झालं की अक्काची एंट्री. शेवटचा प्रवासी पुढच्या शिडीवरून उतरतो न उतरतो, तोच मागच्या शिडीने ती आपल्या बायकांची फौज घेऊन चढायची. हातांत रबरी मोजे, खांद्यावर कचऱ्याच्या पिशव्या आणि तोंडाचा पट्टा चालू. "चला गं, पाहुणे गेले, घर आवरायला घ्या!"

पाहुणेही एकेक असे, की विचारू नका. सीटच्या खिशात कधी केळ्याची सालं, कधी बाळाचा एकच मोजा, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ती रुमालात गुंडाळून अक्का धावत सुटली आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या एका आजोबांच्या हातात नेऊन ठेवली. "तुला कसं कळलं यांचीच म्हणून?" बायकांनी विचारलं. "त्यात काय? एवढ्या कलकलाटात ओठ घट्ट मिटून उभा असलेला तो एकटाच होता."

वयाने लहान असूनही ती सगळ्या विमानतळाची अक्का होती. आणि तिचा सख्खा थोरला भाऊ सगळ्यांचा दादा.

दादाचं काम म्हणजे विमान नेमक्या जागी आणून उभं करणं. कान झाकलेले, अंगात भडक पिवळं जाकीट, हातांत दोन केशरी दांडके. इंजिनांच्या त्या गर्जनेत शब्दाला कोण विचारतो? जे बोलायचं ते हातांनी. दोन्ही हात स्वतःकडे ओढले की पुढे ये. डोक्यावर फुली धरली की थांब. आणि एकदा का फुली धरली, की समोरचा वैमानिक मूठ दाखवून 'ब्रेक लावला' म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. मग खांदे भरून येवोत की नाकावर माशी नाचो. उभा जन्म यात गेल्यामुळे दादाला हातांशिवाय बोलताच येत नसे. भाजी मागायची झाली तरी दोन्ही हात हवेत. शेजारी बसणाऱ्याने आपलं ताट आपण सांभाळावं.

अक्काला इथे चिकटवली तीही दादानेच. तेव्हापासून दुपारचा डबा दोघं एकत्र खात. डबा तिचा, नावं ठेवायचं काम त्याचं.

आणि मग या सोन्यासारख्या घरात युनियन शिरली.

कंपनीने जाहीर केलं, आम्ही एकाच युनियनशी बोलणार. कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा. जुन्या युनियनसाठी दादाने घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या, पावसापाण्यात फाटकाबाहेर बसला होता. पण तिथे सफाईच्या बायका 'जोड सदस्य' होत्या. म्हणजे वर्गणी द्यायची, टाळ्या वाजवायच्या, मत मात्र द्यायचं नाही. तिकिटांच्या काउंटरवरच्या एका चुणचुणीत पोरीने नवी युनियन काढली आणि म्हणाली, इथे सगळ्यांना मत. अक्का गेली. तिच्यामागोमाग फौज गेली.

दादाने अबोला धरला. कॅन्टीनमध्ये तिच्याकडे पाठ करून कोरडा पाव चावत बसायचा. अक्का रोज त्याच्या वाटणीची भाजी आणायची आणि रोज तशीच परत न्यायची. लोक म्हणत, "अक्का, तुमची बाजू जिंकणार बघा!" ती हसायची. पण भाऊ घालवून जिंकलेली युनियन घेऊन काय करायचं? दोन्हींतलं एकही सोडायची तिची तयारी नव्हती, आणि दोन्ही एका पदरात पडतील असं कुठे दिसत नव्हतं.

निवडीची सभा कॅन्टीनमध्येच भरली. कॅन्टीनची एक भिंत सगळी काचेची, पलीकडे विमानांचा तळ. अध्यक्ष म्हणून कंपनीचे कामगार अधिकारी काचेकडे पाठ करून बसले होते. साहेबांना भूक लागलेली, डोळा पातेल्यांवर.

काउंटरवाली थोडक्यात आणि छान बोलली. मग मागच्या बाकावरून, पुढे बसलेल्या बायकांकडे आणि काचेकडे तोंड करून, दादा उठला. काय तो आवाज, काय तो आवेश! साहेब पातेली विसरले.

"कालची युनियन ती! तिला ना मूळ ना खोड!" दादा गरजला. "माझ्या बहिणींनो, रागावलात, कबूल. चूक आमची असेल. पण घर सोडून जातात का? परत या! पुढे या!" आणि दोन्ही हात जोरजोरात स्वतःकडे ओढू लागला. "या! अशा या! बिनधास्त या!"

बायका जागच्या हलल्या नाहीत. पण काचेपलीकडे सामानाचा ट्रॅक्टर घेऊन एक ड्रायव्हर उभा होता. त्याने पिवळं जाकीट पाहिलं, ओळखीचे हात पाहिले आणि इमानाने ट्रॅक्टर पुढे काढला. मागे रिकाम्या गाड्यांची आगगाडी.

"या! आणखी पुढे!"

ड्रायव्हर आणखी पुढे आला.

"अगं बाई, दादा, समोर काच बघ!" अक्का ओरडली.

दादाने पाहिलं, त्याचं वाक्य घशातच राहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर जाऊन फुली झाली. ट्रॅक्टर काचेपाशी गचकन थांबला. ड्रायव्हर तोंड वासून आत बघत राहिला. मूठ दाखवायची शुद्ध त्याला कुठली? आणि मूठ दिसेपर्यंत दादा हात खाली घेणार नाही, हे तर विधिलिखित.

साहेबांना मागचं काहीच दिसलं नव्हतं. वक्ता एकदम गप्प झाला, त्यावरून भाषण संपलं असं त्यांनी धरलं. "छान! आता मतदान. नवी युनियन हवी असणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सगळ्यांच्या वर दादाचे. एक नाही, दोन.

"अहो, मी नाही! हे मत नाहीये!" दादा कळवळला.

"मग हात खाली घ्या ना!"

"कसे घेऊ? त्याने ब्रेक कुठे दाखवलाय?"

लोडर मंडळी बाकांवर लोळायची बाकी राहिली. एक बाई अक्काच्या कानाशी लागली, "मोजू दे गं, आयतं मत मिळतंय. किती काठाकाठावर आहे!"

अक्का उभी राहिली. "साहेब, दादाचे हात मोजू नका. ती थांबायची खूण आहे. त्याचं मत जुन्या युनियनला, तिकडे धरा. माझ्या भावाने आयुष्यात कुणाला चुकीची खूण केलेली नाही, आज तशी त्याच्या नावावर लावू नका."

तेवढ्यात ड्रायव्हर भानावर आला, त्याने मूठ दाखवली आणि दादाचे हात हळूच खाली आले. जुन्या युनियनची पाळी आली तेव्हा त्याने एकच हात वर केला, तोही अर्धाच.

तरी नवी युनियन जिंकली, थोडक्यात, पण जिंकली. जल्लोषात अक्काला कुणीतरी खुर्चीवर उभं केलं. तिची नजर मात्र दादाला शोधत होती. तो तिच्या टेबलापाशी पाठमोरा बसला होता. डबा उघडा होता.

ती धपकन खुर्चीवरून उतरली.

"मीठ कमी आहे," दादा म्हणाला.

"मीठ बरोबर आहे. पाव खाऊन तुझी जीभ मेलीय." तिने डोळ्यांना पदर लावला आणि त्याला आणखी भाजी वाढली.

"तुझ्या त्या युनियनमध्ये म्हाताऱ्यांना घेतात का?"

"घेतात की. मतसुद्धा देतात."

टोमणा दादाने भाजीबरोबर गिळला. "मग माझी पहिली सूचना ऐका!" तो ताडकन उठला. "सभा अशी घेतात होय? अध्यक्ष काचेकडे पाठ करून..." आणि हात वर निघाले. बाहेर नुकताच ट्रॅक्टर वळवणारा ड्रायव्हर जागीच ताठ झाला.

"दादा! हात खिशात!" सगळ्या बायका एका सुरात किंचाळल्या.

दादाने हात खिशात घातले. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"बोल ना आता," अक्का म्हणाली.

"कशाने बोलू?" दादा म्हणाला.