पाहुण्या लेकींचा तेंदूपत्ता

"हा माणूस आहे की राक्षस?" साहेबांनी कागद माझ्यापुढे आपटला. "अर्ध्या हंगामातच एवढी कमाई? मॅडम, हा शामराव तुमच्या-माझ्यापेक्षा पैसेवाला निघाला!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याच्या आमच्या सांख्यिकी ऑफिसात मी इन्व्हेस्टिगेटर होते. जंगलात आणि तळ्यांवर राबणारी माणसं किती कमावतात, ते गोळा करून वर कळवायचं, हे आमचं काम. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान. लोक पहाटे पानं तोडतात, घरी बसून त्यांचे पुडके बांधतात आणि दुपारनंतर फळीवर, म्हणजे खरेदीच्या मैदानावर, नेऊन देतात. ज्याच्या नावावर पुडके, त्याची कमाई. यादी फळीवरूनच यायची. शामरावचं घर आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

"चोरीची पानं ह्याच्या नावावर खपवून राह्यले," साहेब म्हणाले. "मी वनखात्याला लिहितो."

पत्र टाइप होऊन सहीला आलंही. ते गेलं असतं तर चौकशी होईस्तोवर अख्ख्या गावाचं पेमेंट अडकलं असतं. आणि आपल्याकडे चौकशी सुरू झाली की दिवाळी उजाडते. माझं डोकंच फिरलं.

"सही करा साहेब, पण आधी एकदा जीपमध्ये बसा."

"एवढ्या उन्हात?"

"शामराव रोजच असतो उन्हात."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बदली गडचिरोलीला झालीच समजा. पण पत्र खिशात घालून बसले.

आर्वीच्या पुढे जंगलाला लागून गाव. शामरावच्या अंगणात मांडवाखाली नुसता गलका. चार-पाच बाया पानांच्या ढिगात बसून पुडके बांधत होत्या. शामराव म्हणजे वाळकी काडी. त्याला पाहूनच साहेबांचा राक्षस अर्धा झाला.

"इतकी पानं तू एकट्यानं तोडली?"

"एकट्याच्यानं काय होते साहेब! लेकी आल्या नं."

मग उलगडलं. इथं लग्न झालेल्या लेकी तेंदूच्या दिवसांत माहेरी येतात. पहाटे बापासंगं जंगलात जातात. जिचं तिचं पेमेंट बाप तिच्या पदरात घालतो, आणि त्या पैशाचा हिशोब सासरी कोणी विचारत नाही. बाईचा वर्षातला तेवढाच स्वतःचा पैसा.

"मग त्यांची नावं काऊन नाही दिली?" मी विचारलं.

शामराव ताठ झाला. "लेक पाहुणी असते बाई. पाहुणीचं नाव मजूर म्हनून सरकारात देऊ? मले लाज नाई का?"

मी पत्राची गोष्ट काढली. पेमेंट अडकेल म्हटल्याबरोबर ढिगातून एक बाई उठली. थोरली लेक, सुशीला.

"बाबा, लाज मंग धरू. लिहू द्या माहं नाव! ह्या पैशावर म्या बकरी बोलून ठेवली हाय."

"अवं पन, जावई काय म्हनतीन?"

"जावई दूध पेतीन!"

सगळ्या बाया खो खो हसल्या. साहेबही हसले, पण लगेच सावरून म्हणाले, "एक बाई खरंच एवढे पुडके बांधते? पाहू." आणि स्वतःच खाली बसले. पानं जुळवली, सालीच्या दोऱ्यानं आवळली, उचलली, आणि सगळी पानं मांडीवर. सुशीलानं तोवर दोन बांधून बाजूला ठेवले होते.

"राहू द्या साहेब," शामराव म्हणाला. "तुम्ही बी पाहुनेच."

साहेबांनी खिशातून पत्र काढलं, फाडलं आणि माझ्याकडे वळले. "लिहा मॅडम, सगळ्यांची नावं." शामराव तोंड फिरवून उभा राहिला, पण अडवलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की माठातलं पाणी मी दोन तांबे प्याले.

पेमेंट वेळेवर झालं. पुढे आर्वीच्या स्टँडवर सुशीला भेटली. एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात बकरीचा दोर, आणि कंडक्टरशी जोरात भांडण. बकरी गाडीत चढली. मी आनंदानं टाळीच वाजवली.

आमच्या फॉर्मवर मग एक रकाना वाढला: 'माहेरी आलेल्या लेकी'. हे काय म्हणून नागपूरच्या मोठ्या ऑफिसनं दोनदा विचारलं. साहेबांनी दोन्ही वेळा उत्तर दिलं, "येऊन पाहा." कोणी आलं नाही, म्हणून रकाना राहिला. नावापुढचा आकडा मोठा दिसला की आधी त्या घरच्या अंगणात जावं, एवढं मी शिकले. साहेब जरा जास्तच शिकले. त्यानंतर एकदा तळ्यावर मासेमारीची माहिती घ्यायला गेलो, तर त्यांनी ढिवराला पहिलाच प्रश्न केला, "जावई आलेत का?"