ब्रोन्याच्या अळंबीवरचा आळ

ब्रोन्याने रानातून वेचून आणलेली अळंबी कुणाला बाधली, असं उभ्या गावात कधी झालं नव्हतं. रस्त्याकडेला तिपाईवर बरण्या मांडून ती बसायची आणि वॉर्साकडे जाणाऱ्या गाड्या मुद्दाम तिच्यापाशी थांबायच्या. बाईचा तोराही तसाच होता.

आणि नेमका तिचाच नवरा, झेनॉन, पोट धरून बसू लागला! जळजळ, मळमळ, पायांवर सूज. एके सकाळी म्हणाला, "अगं, शौचाला डांबरासारखं काळं होतंय."

ब्रोन्याच्या काळजात चर्र झालं. "अळंबी तर नाही ना रे बाधली?"

"असेलही," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुझे डोळे आता पूर्वीसारखे कुठे राहिलेत?"

झालं! संशयाने तिला पछाडलंच. एकेक अळंबी उजेडात धरून ती दहादा उलटीपालटी करी, हुंगून बघे. मग तिला शेजारच्या स्तेफाचा संशय आला. बरोबर वेचायला येते, हिनेच तर भलतंसलतं टोपलीत टाकलं नसेल?

स्तेफा कसली ऐकून घेते! "माझ्यावर कशाला घसरतेस? तीच अळंबी आम्ही खाल्ली, आम्ही ठणठणीत! तुझा म्हातारा आणखी काय गिळतो, ते बघ आधी."

पण बोभाटा व्हायचा तो झालाच. गिऱ्हाईक तुटलं. ब्रोन्याने हिवाळ्याची सगळी बेगमी, चुलीवर टांगलेल्या अळंबीच्या माळांसकट, रडत रडत खड्ड्यात पुरली. झेनॉन दारात उभा राहून बघत होता.

तरीही आठवड्याभरात तो रक्त ओकून अंगणात कोसळला.

"जठरात जखम झालीय," इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली. "अळंबीचं विष असं नसतं. दुखण्यावरच्या गोळ्या घेता का, आजोबा?"

"छे! गोळ्या म्हाताऱ्यांनी घ्याव्यात."

ब्रोन्याने सरळ त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. दोन पाकिटं निघाली, दोन वेगळ्या नावांची.

"नावं वेगळी, जात एकच," डॉक्टरीण वैतागली. "दोन्ही एकदम, तेही उपाशीपोटी? पोट, मूत्रपिंड, रक्तदाब, सगळ्यावर बेतू शकतं हे!"

"गुडघे गेलेत गं," झेनॉन पुटपुटला. "तुला कळलं असतं, तर माझं गवत कापणं बंद केलं असतंस."

"या गोळ्या पोटाला बाधतात, हे ठाऊक होतं तुला?" ब्रोन्याने विचारलं.

तो छताकडे बघू लागला. "औषधवाली म्हणाली होती."

"म्हणजे मी विष घालणारी ठरले तरी चाललं तुला," ब्रोन्या कडाडली, "पण स्वतः म्हातारा ठरायचं नव्हतं!"

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.