देव्हाऱ्यापुढचा कप

त्या वर्षी जानेवारीत मास्टरांना आठ दिवस ताप होता. ताप उतरला, खोकला गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. मास्टरांनी हे कुणालाच सांगितलं नाही. हात्सुएला, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळलं ते तीन आठवड्यांनी, एका माशामुळे.

तिने शेगडीच्या जाळीवर बांगडा ठेवला आणि वाळलेले टॉवेल आत घ्यायला मागच्या दारी गेली. तिथे शेजारीण भेटली, दोन शब्दांचे दहा झाले. परत येते तो बांगड्याचा कोळसा! आणि मास्टर चार हातांवर पाठमोरे बसून शांतपणे पेपर वाचत होते.

"अहो मास्टर, मासा जळला की!"

"हो का?" त्यांनी पान उलटलं. "माझं लक्ष नव्हतं."

लक्ष कशाला लागतंय वासाला? हा माणूस असा, की पलीकडच्या गल्लीत मिसोचं सार उतू गेलं तर इथे बसून सांगायचा. पाऊस यायच्या आधी तळ्याच्या पाण्याचा वास बदलतो म्हणायचा, आणि तासाभरात पाऊस यायचा. हात्सुएने खिडकी उघडली आणि जाळी घासली.

मास्टरांचं खरं नाव कादोवाकी तोकुजी. पण मात्सुए गावात त्यांना त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तळ्याकाठच्या पुलापासून तिसरं दुकान, 'मिनामो' कॉफीघर, आणि त्याचे ते मास्टर. हात्सुएही त्यांना घरीदारी मास्टरच म्हणे. तिला गिऱ्हाइकं 'ओकुसान' म्हणत, म्हणजे मास्टरांची बायको, एवढंच. तिची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

अडतीस वर्षांपूर्वी हे दुकान नव्हतं. मास्टर तेव्हा शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात लेथवर कामाला होते. कॉफी हा रविवारचा नाद. तीळ भाजायच्या मातीच्या भांड्यात ते मूठभर कॉफीच्या बिया भाजायचे, आणि त्यांची मुलगी मिओ शेजारी उकिडवी बसायची. पाच वर्षांची पोर. तिला कॉफी कोण देणार? ती म्हणायची, "मला फक्त वास." मग मास्टर भांडं तिच्या नाकाखाली धरायचे, आणि ती डोळे मिटून असा काही श्वास ओढायची, की बघणाऱ्याला हसू यावं.

सहाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने मिओ गेली. देवळातले भिक्षू घरी आले होते, त्यांनी सांगितलं, की गेलेली माणसं अन्न खात नाहीत, त्यांचं पोट वासावर भरतं. म्हणून उदबत्ती लावायची, म्हणून गरम भात ठेवायचा. मास्टर ऐकून घेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉफी केली, पहिला कप देव्हाऱ्यात मिओच्या फोटोपुढे ठेवला, आणि वाफ संपेपर्यंत समोर बसून राहिले. पुढच्या वर्षी कारखाना सोडला आणि दुकान काढलं. लोक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलं. पण हात्सुएला तेव्हाच समजलं होतं, की याला रोज सकाळी उठायला काहीतरी कारण हवं आहे.

तेव्हापासून पहिला कप मिओचा. दुसरा दुकानाचा.

दुकानात यंत्र नव्हतं. फलालीनच्या कापडाची गाळणी, एका काडीला लावलेली, झोळीसारखी. ती हात्सुए शिवायची. नवं कापड आधी जुन्या कॉफीच्या चोथ्यात उकळायचं. त्याला जन्मात साबण लावायचा नाही आणि ते कधी वाळू द्यायचं नाही. रात्री पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी पाणी बदलायचं. कापड कधी टाकायचं याला तारीख नसते. मास्टर रोज सकाळी ते नाकाशी धरत आणि एखाद्या दिवशी म्हणत, "हिचं झालं." की हात्सुएने नवी काढून द्यायची.

माशाच्या दुसऱ्या दिवशी हात्सुएने मास्टरांची पाठ वळल्यावर गाळणी नाकाशी नेली. खवट तेलाचा असा भपकारा आला, की तिने डोकं मागे घेतलं. आणि याच गाळणीतून सकाळपासून सात जणांनी कॉफी प्यायली होती!

सात जणांनी. आणि सातही कप तळापर्यंत रिकामे.

फक्त कात्सुबे न्हावी जाताना म्हणाला होता, "आज काय जोर होता हो मास्टर! माझी दाढी आपोआप गळाली असती."

"तुझा वस्तरा बोथट झाला, त्याला मी काय करू?" मास्टर म्हणाले, आणि सगळे हसले. हात्सुएही हसली होती. आता आठवून तिला लाज वाटली.

तिने गुपचूप गाळणी बदलली. नवी मुद्दाम मळकट दिसावी म्हणून चोथ्यात दोनदा उकळली. पण भाजणीचं ती काय करणार? बिया भाजताना पहिला तडतडाट होतो, मग थांबून दुसरा. कान त्याच्या दारापर्यंत नेतो, पण आत कधी शिरायचं आणि कधी बाहेर पडायचं ते नाकच सांगतं. मास्टरांच्या बिया कधी कच्च्या राहू लागल्या, कधी काळ्याठिक्कर.

गावाने तोंडातून शब्द काढला नाही. इथली रीतच ती. समोरच्याचं उणं त्याच्या तोंडावर काढायचं नाही. दिलेलं संपवायचं, मान लववायची, बाहेर पडायचं. फक्त फर्माइशी बदलल्या. तीस वर्षं बिनदुधाची पिणारी निशिकोरी बाई एक दिवस म्हणाली, "ओकुसान, आज दूध घालून द्या बाई. डॉक्टरांनी सांगितलंय हाडांसाठी." कात्सुबेने साखर मागितली, दोन चमचे. कुणी ऐन फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, बर्फ घातलेली कॉफी मागितली. हात्सुए ट्रे घेऊन उभी राही आणि तिला वाटे, की सगळं गाव मास्टरांना खांद्यावर उचलून चाललं आहे, आणि त्यांना ते ठाऊक नाही.

सांगावं का? रोज सकाळी मिओच्या कपाची वाफ वर जाताना ती हात जोडून हेच विचारी. सांगितलं तर मास्टर त्याच दिवशी दुकान बंद करतील, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि मग हा माणूस सकाळी उठेल कशासाठी? मास्टर शेजारी बसून नेहमीसारखा लांब श्वास घेत आणि म्हणत, "आज बरी जमली." हात्सुए म्हणे, "हो." एवढ्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी खोटं बोलली ते हे.

फक्त एका माणसाची फर्माइश बदलली नव्हती. फुकुमा सेन्सेई, शाळेतले सुलेखनाचे निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याऐंशी. बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. फळीवर त्यांचा स्वतःचा कप होता, निळसर, कानाशी टवका उडालेला. ते बिनदुधाची, बिनसाखरेची तीच कॉफी घेत राहिले. पूर्वी एका कपाला पाव तास लागे, आता पाऊण तास लागू लागला. एप्रिलमध्ये चेरीची फुलं गळायला आली तेव्हा ते यायचे थांबले. मग त्यांची सून निरोप घेऊन आली, की दवाखान्यात आहेत, आता घरी आणायचं नाही असं ठरलंय, आणि मास्टरांच्या हातची कॉफी मागतात.

"थर्मासमध्ये देऊ का भरून?" हात्सुएने विचारलं.

"थर्मासमध्ये?" मास्टरांनी असं पाहिलं, जणू तिने बादलीतून न्यायला सांगितली होती. "मी येतो म्हणावं."

त्यांनी सगळं बांधलं. किटली, दळायचं हातयंत्र, बरणीत पाण्यात बुडवलेली गाळणी, टवका उडालेला कप. बिया आदल्या दिवशी भाजलेल्या. हात्सुएने पिशवी उघडून वास घेतला आणि तिला रडूच यायचं बाकी राहिलं. बिया करपल्या होत्या. चांगल्याच करपल्या होत्या. दुसऱ्या भाजायला वेळ नव्हता, आणि काय सांगून भाजायला लावणार?

दवाखान्यात नातेवाइकांसाठी पाणी गरम करायची एक छोटी खोली होती. तिथे मास्टरांनी कोट काढून बाह्या सरसावल्या, दुकानात करतात तशाच. आधी कप गरम पाण्याने शेकला. मग किटलीच्या सोंडेतून पाण्याची दोऱ्यासारखी धार सोडली आणि थांबले, पुन्हा सोडली. हात तर तिळभर चुकला नव्हता. एक परिचारिका दारात उभी राहून बघत राहिली.

सेन्सेईंना उशीला टेकून बसवलं होतं. हाडांचा नुसता सापळा, पण डोळे तसेच. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला, एक घोट घेतला. मग त्यांनी कप बाजूच्या टेबलावर ठेवला.

"मास्टर," ते म्हणाले, "तुम्हाला वास कधीपासून येत नाही?"

हात्सुएचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला. मास्टर किटली धरून उभे होते. ते म्हणाले, "जानेवारीपासून."

"हं." सेन्सेईंना बोलायला धाप लागत होती. "चाळीस वर्षं मी पोरांच्या कागदावर लाल शाई मारली. पोरं रडायची. तरी मारली. आणि तुमच्या कॉफीवर... तीन महिने मारली नाही. वाटलं, म्हाताऱ्याला दुखवू नये."

"म्हातारा कोण? तुम्ही माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे," मास्टर म्हणाले.

"म्हणूनच माझं काम होतं ते. मला माफ करा." सेन्सेईंनी उशीवरूनच मान लववली. "ही मी पूर्ण पिणार नाही."

आणि नाहीच प्यायले. कपात अर्ध्याहून जास्त कॉफी राहिली. मास्टरांनी ती मोरीत ओतली, कप धुतला, रुमालाने पुसला. मग त्या छोट्या खोलीत, नळ चालू ठेवून, ते बराच वेळ उभे राहिले. हात्सुए दाराबाहेर थांबली. आत गेली नाही.

परत येताना दोघं पुलावर थांबले. तळ्यात शिंपले काढणाऱ्यांच्या होड्या परतत होत्या.

"तुला माहीत होतं," मास्टर म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"हो. त्या बांगड्यापासून."

"आणि कात्सुबेला?"

"सगळ्यांना."

मास्टरांनी कठड्यावर हात ठेवले. "मला वाटत होतं, कुणाला कळत नाहीये. कुणी काही बोलत नाही म्हणजे हात अजून जमतोय. नाकाशिवायही जमतोय." त्यांनी होड्यांकडे पाहिलं. "मिओलासुद्धा तीन महिने तसलीच दिली मी."

हात्सुएने त्यांच्या पायाशी ठेवलेली किटलीची पिशवी उचलली. एवढंच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला: 'इतकी वर्षं आलात, आभारी आहोत. मिनामो.' कारण लिहिलं नव्हतं. कात्सुबे वाचून आत घुसला, अंगावर न्हाव्याचा पांढरा कोट तसाच.

"हे काय मास्टर? आम्ही काही बोललो का? आम्हाला चालत होतं!"

"तेच तर," मास्टर म्हणाले.

कात्सुबे उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला, आणि डोळे पुसत बाहेर गेला. अकरा दिवसांनी सेन्सेई गेले. त्यांचा निळसर कप मास्टरांनी सुनेच्या हातात दिला. तो तिने त्यांच्या फोटोपुढे ठेवला म्हणे, रिकामाच.

महिनाभर घरात कॉफी झाली नाही. देव्हाऱ्यात नुसतं पाणी. मास्टर उशिरा उठत, जेवत, झोपत. एका सकाळी हात्सुएने माळ्यावरून ते तीळ भाजायचं मातीचं भांडं काढलं आणि शेगडीवर ठेवलं. बिया हलवायला लागली. तडतडाट सुरू झाला तसे आतल्या खोलीतून मास्टर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"आता पहिला थांबेल. हलवत राहा. आता दुसरा... ऐक! वास कसा आहे?"

"अजून गोडसर आहे."

"मग थांब थोडं."

तेव्हापासून असंच चाललंय. त्यांचे कान, तिचं नाक. गाळणीवर पाणी सोडताना तिची धार जाड पडते, आणि मास्टर "अगं, बारीक धार, बारीक! बाग शिंपतेस का?" म्हणून ओरडतात. पहिला कप ती मिओपुढे ठेवते. दोघं समोर बसतात.

"वास कसा आहे?" मास्टर विचारतात.

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? चांगला तर साबणाचाही असतो."

हात्सुए पुढे वाकते, डोळे मिटते. अडतीस वर्षं हे सांगायचं काम तिचं नव्हतं, तिला शब्द सापडत नाहीत. "भिजलेल्या लाकडाचा," ती म्हणते, "आणि मागून थोडा करपल्याचा."

"किती करपल्याचा?"

"बांगड्याइतका नाही."

मास्टर हसतात. मग तेही पुढे वाकतात, कपाच्या अगदी जवळ, आणि पूर्वीसारखा लांब श्वास घेतात. काहीच येत नाही. तरी ते तसेच थांबतात, वाफ गालाला लागेपर्यंत.

हात्सुए छोटी घंटा वाजवते आणि हात जोडते.