ह्यांची जिनिंग

आमच्या ताडकळसच्या घरात मागच्या खोलीत एक कम्प्युटर होता आणि तो कधीच बंद नसायचा. माझे मिस्टर जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, इलेक्ट्रिशियन होते. कापसाचा हंगाम असला की जिनिंगवर जायचे आणि हंगाम सरला की घरीच लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तार भरून द्यायचे. नांदेडहून ऑफिसांतल्या जुन्या मशिनींचे भाग आणून तो कम्प्युटर ह्यांनी स्वतः जोडला होता. त्याच्यावर ह्यांचा एक खेळ चालायचा.

खेळ ठोकळ्यांचा. माती, दगड, झाड, बकरी, सगळं चौकोनी. डिप्लोमाला सोबत असलेले मित्र आता पुण्याला, नांदेडला, एक तर दुबईला. पण रविवारी दुपारी सगळे आपापल्या ठिकाणाहून त्या एकाच जगात यायचे. ते जग राहायचं मात्र आमच्या मागच्या खोलीत. ह्याला सर्व्हर म्हणतात हे मला पुढं कळलं. मूळ खेळ तसा साधा. पण लोकांनी त्याच्यासाठी बनवलेल्या पुरवण्या असतात, त्यांना मॉड म्हणतात, आणि त्या ह्यांनी पोत्यानं घातल्या होत्या. एकीनं आगगाडी यायची, एकीनं ऋतू बदलायचे, एकीनं पट्टे आणि चाकं फिरायची. मशीन बिचारं गरगरायचं. हे टेबलफॅन त्याच्याकडं वळवून ठेवायचे आणि स्वतः घामाघूम बसायचे. मी चहा नेऊन ठेवायची. "बगतेस का जरा?" असं हे विचारायचे. मी दोन मिनिटं बघून परत यायची. मला त्या चौकोनी जगात काही सुधरायचं नाही.

हे गेले ते कापसाच्या हंगामातच. पूर्ण्याहून मोटारसायकलवर येताना, दिवेलागणीला, रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिला मागं लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. ऊस बाहेर आलेला. बाकीचं मी लिहीत नाही.

त्या दिवशीही कम्प्युटर चालूच होता. घरात पाव्हण्यांची गर्दी, रडारड, दहावा, तेरावा. मागच्या खोलीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे पांगले, घरात मी आणि माझ्या सासूबाई उरलो. त्यांना मी आत्या म्हणते. आम्हाला लेकरू नव्हतं. आत्यांनी त्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि आम्ही दोघी त्या बाजूला जाईनाशा झालो. दाराआडून पंख्याचा आवाज यायचा. तो बंद करायला पाहिजे हे आम्हा दोघींनाही कळत होतं, पण आत पाय घालवत नव्हता.

असेच काही आठवडे गेले. एका रविवारी ह्यांच्या नांदेडच्या मित्राचा फोन आला. लग्नात ह्यांच्या मागं उभे राहिलेले तेच.

"वहिनी, राग नका मानू," ते म्हणाले. "त्यो गेल्यापासून आमी सगळे आज पहिल्यांदाच खेळात आत गेलतो. त्याचं घर बगावं, जरा बसावं म्हनून. पन पाच मिनटं अडखळत चाललं आनि बंदच पडलं. मशीन बगता का?"

मी कडी काढली. आत धूळ, ह्यांचा शर्ट खुर्चीवर, आणि कम्प्युटर थांबून थांबून शिट्टी मारत होता. भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर मला तो उघडायला लावला. "ती हिरवी पट्टी दिसते का? दोन हायत. दोन्ही बाजूच्या खिट्ट्या दाबा, वर येतात. ती मेमरी. आता पिवळी बाजू खोडरबरानं घासा." शेजारच्या पोरीच्या कंपासातून खोडरबर आणून मी घासलं. एक पट्टी जिवंत झाली, दुसरी गेली ती गेलीच. त्या जुन्या जातीची पट्टी परभणीत मिळाली नाही, नांदेडलाही नाही.

"अर्ध्या मेमरीवर एवढे मॉड ओढायचे न्हाईत, वहिनी. आमी असं करतो, बाहेर भाड्यानं सर्व्हर घेतो आनि त्याचं जग तिकडं हलवतो. तुमाला बी तरास नको."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "न्हाई भाऊजी. हितंच राहू द्या. कसं हलकं करायचं ते मला सांगा, मी करते."

मग दुपारची माझी ती शिकवणीच झाली. भांडी आवरली की मी मागच्या खोलीत बसायची आणि भाऊजी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. मी बारावी झालेले, कम्प्युटरचा कोर्स केलेला, पण हे निराळंच होतं. आधी कळलं की प्रत्येक माणसाला किती लांबचं दिसावं हे ठरवता येतं. जितकं लांबचं दाखवाल तितकं मशीनला मेमरीत धरून बसावं लागतं. ते कमी केलं. मग कळलं की माणूस नव्या दिशेला चालत गेला की मशीनला त्याच्या पायापुढं जमीन तयार करत जावं लागतं, म्हणून अडखळतं. त्यापेक्षा सगळी जमीन आधीच तयार करून ठेवायची आणि पुढं कुंपण घालायचं. कुणी खेळत नसताना मी मशीनला ते काम लावून दिलं. मग मॉड काढणं. ते सगळ्यात अवघड, कारण मॉड काढला की त्याच्या वस्तूही जगातून नाहीशा होतात. पुण्याच्या भाऊजींनी ऋतू सोडले. दुबईच्यांनी आगगाडी सोडली; पूर्णा जंक्शनसारखं स्टेशन बांधलं होतं त्यांनी. "काढा वहिनी," म्हणाले, आणि लगेच, "मोकळा फलाट राहील ना?" मी विचारून सांगितलं, फलाट दगडाचा आहे, राहील.

आत्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "काय करायलीस गं तिथं दिवसभर?"

"ह्यांचं मशीन दुरुस्त करायलेय, आत्या."

"आनि दुरुस्त करून?"

मी परत स्क्रीनकडं वळायची. त्याही थांबायच्या नाहीत.

एवढं करूनही रविवारी माणसं आत आली की अडखळणं चालूच. माणूस दार उघडायचा आणि दार बऱ्याच वेळानं उघडायचं. शेवटी भाऊजींनी एक मॉड असा घालायला लावला की तो मशीनचा वेळ कशाकशात जातो ते मोजून दाखवतो. तो तक्ता मी त्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला नाही. आला तो संध्याकाळी, आणि आवाज बसलेला.

"वहिनी, लय बेजार होतंय सांगायला. निम्म्याहून जास्त वेळ त्याच्या जिनिंगला लागायलाय."

"कुठल्या जिनिंगला?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ह्यांनी त्या जगात एक जिनिंग बांधली होती. दिवसभर खऱ्या जिनिंगवर मोटारी सांभाळायच्या आणि घरी येऊन ही. शेतात कापूस आपोआप वेचला जायचा, पट्ट्यावरून आत यायचा, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, पुढं गाठी. भाऊजींनी समजावून सांगितलं, की एरवी ज्या भागात कुणी माणूस नसतं तो भाग झोपतो, मशीनला त्याचा काही भार नसतो. पण एक ठोकळा असा असतो की तो ठेवला की तिथली जमीन मालक नसतानाही जागी राहते. ह्यांनी तो जिनिंगच्या मधोमध ठेवला होता आणि त्याला नाव दिलं होतं जागल्या.

"म्हंजे," मी विचारलं, "हे गेल्यापासून ती चालूच हाय?"

"चालूच हाय, वहिनी."

भाऊजी म्हणाले की बाहेरून एक हुकूम टाइप केला की जागल्या निघून जाईल, आत जायची गरज नाही. मी म्हणाले, मी आत जाऊन काढते.

पुढच्या रविवारी मी ह्यांच्या खुर्चीवर बसले, हेडफोन घातला. माझं खातं नव्हतं, ह्यांच्याच खात्यातून गेले. आत गेल्यावर खाली कोपऱ्यात अक्षरं उमटतात, अमका आला म्हणून. ह्यांचं नाव उमटलं. हेडफोनमध्ये तिघं बोलत होते ते एकदम थांबले. मी आहे हे त्यांना माहीत होतं, आधी सांगितलं होतं. तरी दुबईच्या भाऊजींचा हुंदका आला आणि त्यांनी माइक बंद केला.

मला चालता येत नव्हतं. भिंतीवर आपटत, खड्ड्यात पडत मी नांदेडच्या भाऊजींच्या मागं गेले. ते थोडं पुढं जाऊन उभे राहायचे, "हिकडं वहिनी, डावीकडं बगा" म्हणायचे.

लांबून आवाज आधी आला. पट्ट्यांचा, चाकांचा, खट् खट् असा. मग पत्र्याचं मोठं शेड. गेटाशी वजनकाटा, आत पंखे, दिवे, आणि भिंतीवर ह्यांच्या अक्षरवळणाची नाही पण ह्यांच्या बोलण्याची पाटी: 'चपला घालून पट्ट्याजवळ जाऊ नये'. जिनिंगवरून आल्यावर नव्या कामगारांवर हे असंच म्हणत चिडायचे.

गोदामात गेले आणि मला समजलं भार कशाचा होता ते. गाठी ठेवायच्या सगळ्या पेट्या भरून गेल्या होत्या. त्या रिकाम्या करायला कुणी आलं नव्हतं. पण कापूस येतच होता, पट्टा आणतच होता, आणि पेटीत जागा नाही म्हणून रुई खाली सांडत होती. शेडभर, दारातून बाहेर अंगणात. पांढरं पांढरं नुसतं. माझे पाय, म्हणजे ह्यांचे पाय, त्यात बुडाले. मशीन त्यातला एकेक पुंजका सांभाळत बसलं होतं.

"वहिनी, त्यो मधला निळा ठोकळा," भाऊजी हळूच म्हणाले.

मी तो तोडला. पट्टा थांबला नाही, कारण आम्ही दोघं तिथं उभे होतो. भाऊजी म्हणाले, आता आपण निघालो की आपोआप झोपेल. सांडलेला कापूस त्यांनी हुकूम देऊन नाहीसा केला. आम्ही निघालो. टेकडीच्या अलीकडं आलो तेव्हा आवाज लहान होत होत गेला. मी वळून पाहिलं नाही. मला वळता येत नव्हतं नीट.

"अरे, दार लगेच उगडलं," पुण्याचे भाऊजी म्हणाले. मग नांदेडचे म्हणाले, "वहिनी, एकदम मस्त चालायलंय. अर्ध्या मेमरीवर! त्याला बी असं जमलं नसतं." म्हणून गेले आणि लगेच, "म्हंजे, तसं न्हाई म्हनायचं मला."

"मला कळलं, भाऊजी," मी म्हणाले.

मी हेडफोन काढून ठेवला. आत्या पुढच्या खोलीत ज्वारी पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि खडे वेचू लागले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो. तोवर आम्ही एकमेकींना चोरून रडत होतो.

पुढं थोडे रविवार सगळे आले. मशीन कुठंच अडलं नाही. मग पुण्याच्या भाऊजींचं लग्न ठरलं. दुबईच्यांची शिफ्ट बदलली. एका रविवारी नुसते नांदेडचे भाऊजी आले, एकटे हिंडले आणि गेले. नंतर तेही फोनच करायचे, खुशाली विचारायचे, खेळाचं काढायचे नाहीत. मला वाटलं होतं, अडखळतं म्हणून येत नसतील. हलकं केलं की येतील. तसं नव्हतं. ह्यांच्याशिवाय त्यांना तिथं करायलाच काही नव्हतं.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी आत्या आपणहून मागच्या खोलीत आल्या. पदरानं खुर्ची पुसून बसल्या. "त्याची जिनिंग दाखव मला," म्हणाल्या.

मी घेऊन गेले. तोवर मला बरं चालता यायला लागलं होतं. आम्ही जवळ पोचलो तशी चाकं फिरायला लागली. आत्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण आयुष्यभर कापूस वेचलेलं माणूस. त्यांनी बरोबर ओळखलं. "हितून कापूस घेतो. ही सरकी. बरूबर केलंय गं त्यानं." मग म्हणाल्या, "रोज अशीच चालू असती का?"

"न्हाई आत्या. बंद केली मी. लय भार येत होता, बाकीच्यांना खेळता येत नव्हतं."

"आता कोन हाय त्याच्यात?"

"कुनीच न्हाई."

"मग कामून बंद ठिवलीस?"

हिशोबानं त्या बरोबर होत्या. ज्यांच्यासाठी भार कमी केला ती माणसं गेली होती आणि मशीनला आता काहीच काम नव्हतं. ह्यांच्या पेटीत तसला ठोकळा आणखी होता. मी तो शोधून शेडच्या मधोमध ठेवला. आत्या बराच वेळ बघत राहिल्या, पट्ट्यावरून, गोदामातून, वजनकाट्यापाशी. त्या कशाला तरी शोधत होत्या.

"मानूस कुठं दिसंना," शेवटी म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

त्याच उन्हाळ्यात मशीन गेलं. लाईट जाऊन आली तेव्हा जळका वास आला. नांदेडचे भाऊजी बसनं आले, उघडून पाहिलं, म्हणाले बोर्डच गेलाय. आतली डिस्क त्यांनी काढून फडक्यात बांधली. "जग ह्याच्यात हाय, वहिनी. दुसऱ्या मशीनवर उगडता येईल. उगडू का?"

मी आत्यांकडं पाहिलं. आत्या त्यांना म्हणाल्या, "आदी जेव बाबा. उनाचा आलास."

ते जेवले. मागच्या खोलीत आता आमची ज्वारीची पोती आहेत. डिस्क भाऊजींकडंच आहे. सणासुदीला त्यांचा फोन येतो, आत्यांशी बोलतात, माझ्याशी बोलतात. डिस्कचं ते विचारत नाहीत आणि मीही विषय काढत नाही.