त्रिवेणीच्या दोन एकादशा

हैदराबादेत बरकतपुऱ्यात राहणारी माझी धाकटी जाऊ त्रिवेणी देवळांच्या वेबसाइटवरचं पंचांगाचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तिथी दाखवणारा छोटा प्रोग्राम, दुरुस्त करते. ते फुकटचं, कुणीही हातभार लावावा असं काम. तिचा कोड जगभर पोचला आणि मग तिच्या लक्षात आलं, की एकादशी काढताना आपण सगळ्या गावांना सूर्योदय हैदराबादचाच धरलाय. ती धावत माझ्याकडं आली.

“अक्का, अमेरिकेत एकादशी उद्या आहे, प्लगइन परवा दाखवतंय. माझ्यामुळं लोक जेवतील हो!”

“मग कळव की.”

“चूक सगळ्यांसमोर लिहावी लागते. प्रकल्पवाले पुन्हा माझा कोड घेणार नाहीत.”

“आणि देवाला काय सांगशील?”

तिनं चूक लिहिली, दुरुस्ती पाठवली. तासाभरात ती स्वीकारलीही गेली. पण किती देवळांपर्यंत वेळेत पोचली, ते कळेना. त्रिवेणीनं दोन्ही दिवस, अमेरिकेची एकादशी आणि आपली, नुसत्या पाण्यावर काढले.