चष्मा पुसणारा मिस्तरी

बॉयलरवरचा मिस्तरी तीस वर्षांत वरिष्ठांना तोंडावर कधी 'नाही' म्हणाला नव्हता. काम धोक्याचं वाटलं, की तो चष्मा काढायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत गप्प उभा राहायचा. घरी वडिलांपुढेही त्याची हीच रीत होती. जुने साहेब तेवढ्यावरून काय ते समजायचे आणि काम थांबवायचे.

मग परदेशातून नवा साहेब आला. "दाब वाढवायचा आहे. काही अडचण?" त्याने विचारलं. मिस्तरीने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "म्हणजे ठरलं," म्हणत साहेबाने तिथल्या तिथे दाब वाढवायला लावला. तिसऱ्या दिवशी वाफेचा पाइप फुटला आणि मिस्तरीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत साहेब सगळ्यांदेखत कडाडला, "तेव्हा गप्प का बसलात? मनातलं तोंडावर बोलायची धमकच नाही तुमच्या लोकांत!"

मिस्तरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग ऐका साहेब! चूक तुमची आहे. बॉयलरमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही, आणि माझा हात जळाला तरी तुमची मिजास उतरत नाही!"

साहेब लालबुंद झाला, पण अवाक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शिपायाने मिस्तरीला बंद पाकीट आणून दिलं. आत लिहिलं होतं, 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल कामावरून कमी.'

मिस्तरी तडक साहेबाच्या केबिनमध्ये शिरला आणि कागद त्याच्या टेबलावर आपटला.

"हे तोंडावर बोलायला काय झालं होतं?"